तीन पत्त्यांची आवक-जावक

टपाल हा शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांत चालतो. कन्नडात त्याला 'अंचे' असा दुसरा शब्द आहे व पोस्टाच्या पाटीवर तोच असतो, पण बोलताना 'टपालु' म्हटले म्हणून कोणाचे अडत नाही. ई-मेलसाठी कन्नडाने 'मिंचंचे' असा शब्द घडवला. मिंचु म्हणजे वीज; तेव्हा हे विजेचे टपाल. मराठीत 'विपत्र' असा शब्द काढून पाहिला गेला, परंतु तो तितकासा रुळला नाही. म्हणून या लेखात ई-मेल हाच शब्द वापरते. विषय मात्र शब्दांचा नसून हिशेबाचा आहे. एकाच माणसाकडे दोन-तीन ई-मेल पत्ते असतील, तर त्यांची आवक-जावक एकमेकांत न मिसळता कशी ठेवावी, आणि त्यासाठी 'मट' नावाचा एक जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम कसा बसवून घ्यावा, हे सांगण्याचा विचार आहे.

माझ्याकडे असे तीन पत्ते आहेत. पहिला माझा स्वतःचा. दुसरा कॉलेजचा, त्यावर परीक्षेच्या व शिष्यवृत्तीच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत येतात. तिसरा मामांच्या वर्कशॉपचा. मच्छे औद्योगिक वसाहतीत मामांचे लहानसे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेले ओतीव भाग तेथे लेथवर चढतात आणि मापात येऊन बाहेर पडतात. कोल्हापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंगे, ऑर्डरी व तक्रारी त्या पत्त्यावर येतात. संध्याकाळी कॉलेजातून परतल्यावर त्यांची उत्तरे लिहिणे हे माझे काम. मामा मराठीत सांगतात, मी इंग्रजीत लिहिते.

मोबाइलवर ही तिन्ही खाती एकत्र दिसू शकतात, मग हा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. माझे म्हणणे असे की, एकत्र दिसतात हीच अडचण आहे. तिन्हीकडची पत्रे एकाच राशीत पडतात आणि उत्तर कोणत्या पत्त्यावरून चालले आहे हे वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षी आपण स्वतंत्र अस्तित्वाची संकल्पना शिकतो. धंदा वेगळा, धंद्याचा मालक वेगळा. मालकाने गल्ल्यातून घरच्या किराणासाठी पाचशे रुपये घेतले, तरी ते उचल म्हणून लिहावे लागतात. पैशाच्या बाबतीत हे आपल्याला पटते, पत्राच्या बाबतीत मात्र आपण ढिले असतो.

कायदा तितका ढिला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ११ प्रमाणे एखादा विद्युत लेख पाठवणाराच्या नावावर केव्हा धरावा, हे ठरवून दिले आहे. त्याने स्वतः पाठवला, त्याच्या वतीने अधिकार असलेल्या माणसाने पाठवला, किंवा त्याच्या वतीने आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवला, तर तो त्याचाच. म्हणजे मामांनी मला लिहिण्यास नेमले आहे आणि मी वर्कशॉपच्या पत्त्यावरून 'दर मान्य' असे लिहिले, तर ते शब्द मामांचे ठरतात. तेच शब्द माझ्या घरगुती पत्त्यावरून गेले, तर ते कोणाचे, हा वाद घालायला जागा राहते. कलम १३ पोहोचीविषयी आहे. उभयतांत वेगळे ठरले नसेल आणि टपालासाठी एक पत्ता नेमून दिलेला असेल, तर पत्र त्या पत्त्यात शिरले त्याच वेळी पोहोचले. नेमलेला सोडून दुसऱ्याच पत्त्यावर पाठवले, तर ज्याला पाठवले त्याने ते काढून घेतले तेव्हा पोहोचले. कोटेशनची मुदत आज संध्याकाळपर्यंत असेल, तर या दोन वेळांतला फरक म्हणजे ऑर्डर.

ई-मेलने झालेला करार केवळ ई-मेलने झाला म्हणून निकामी ठरत नाही, हे २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १०अ सांगते. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तेच धरले. ऑस्ट्रेलियाहून बॉक्साइटची पाच जहाजे आणण्याचा तो सौदा होता. प्रस्ताव व मान्यता ई-मेलवर झाली होती, रीतसर करारपत्रावर सह्या झाल्या नव्हत्या; तरीही करार झाला, असा निर्णय लागला. बॉक्साइट हा शब्द बेळगावकरांना नवा नाही, म्हणून हा खटला मला वर्गातल्या इतर खटल्यांपेक्षा जवळचा वाटला.

आता प्रोग्रॅमकडे वळू. मट हा चित्रे व बटणे नसलेला प्रोग्रॅम आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरे आणि माउसऐवजी कीबोर्डच्या कळा. १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी तो लिहिला. मट म्हणजे मिश्र जातीचे गावठी कुत्रे; एल्म, पाइन अशा आधीच्या प्रोग्रॅमांचे गुण त्यात उतरले आहेत. सगळेच ई-मेल प्रोग्रॅम वाईट असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट, अशा अर्थाचे त्याचे बोधवाक्य आहे. इतका प्रामाणिक जाहिरातदार वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत मला अजून भेटला नाही.

काळ्या पडद्यावरचे ई-मेल आपल्याकडे परके नाही, उलट भारतात ई-मेल त्याच वेषात आले. 'एर्नेट' या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात १९८६ साली झाली, आणि पहिल्या देवाणघेवाणींपैकी एक मुंबईतच, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यात, टेलिफोनच्या तारेवरून झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य जनतेला इंटरनेट खुले केले. त्यातले स्वस्तातले खाते 'शेल' प्रकारचे असे. मोडेमने फोन लावायचा, निगमच्या यंत्रावर पोहोचायचे आणि तेथल्या पाइनमध्ये पत्रे वाचायची. त्या काळी विद्यार्थी असलेल्यांना विचारले तर पाइन हे नाव अजून आठवते. एका खात्यापुरते ते सोपे होते. एका माणसाचे अनेक पत्ते ही अडचण पुढे, फुकट खात्यांच्या काळात, वाढली.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय 'ज्ञानसंगम' मच्छेतच आहे. १९९८ साली ते स्थापन झाले. त्यामुळे संगणकाची कामे तिकडच्या मुलांनी करावीत व वाणिज्यवाल्यांनी खतावणी लिहावी, अशी गावात एक समजूत आहे. पण हे काम खतावणीचेच आहे, हे पुढील वर्णनावरून दिसेल.

पहिली गोष्ट, ई-मेलमध्ये आवक आणि जावक ही दोन वेगळी खाती आहेत. आलेली पत्रे सर्व्हरवरून वाचण्याची पद्धत 'आयमॅप'. तिचा सुरक्षित दरवाजा ९९३ क्रमांकाचा. पत्र पाठवण्याची पद्धत 'एसएमटीपी'. तिचे दरवाजे ४६५ किंवा ५८७. आयमॅप १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी आखली, एसएमटीपीचा मसुदा १९८२ सालचा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आवक कॉलेजच्या खात्याची आणि जावक वर्कशॉपच्या खात्याची, असा बेमेल जोडला गेला तरी प्रोग्रॅम निमूटपणे काम करीत राहतो. म्हणून खाते मांडणे म्हणजे आवक, जावक, पाठवणाराचे नाव, सही आणि स्थळप्रत ही पाचही एका दोरीत बांधणे.

मी तीन लहान प्रोग्रॅम वापरते. आवक कारकून 'एमबीसिंक', जावक कारकून 'एमएसएमटीपी', आणि मधले टेबल म्हणजे मट. मट स्वतःही सर्व्हरशी बोलू शकतो, पण कामे वाटून दिली की बिघाड कोठे आहे ते चटकन सापडते. शिवाय एमबीसिंक सगळी पत्रे आपल्याच संगणकात उतरवून ठेवतो, प्रत्येक पत्राची एक वेगळी फाइल. मग जाळे नसले तरी जुनी ऑर्डर शोधता येते. पावसाळ्यात आमच्याकडे हा गुण फार उपयोगी पडतो. हे तिन्ही प्रोग्रॅम लिनक्सवर फुकट मिळतात व दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही कुरकुर न करता चालतात.

आज्ञांची नावे मी येथे देवनागरीत देत आहे. फाइलीत त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहाव्या लागतात. प्रथम पत्रांसाठी तीन कप्पे करावेत: स्वतःचा, कॉलेजचा, वर्कशॉपचा. एमबीसिंकच्या फाइलीत प्रत्येक खात्याचा सर्व्हर, वापरकर्त्याचे नाव व त्याचा कप्पा लिहावा. सुरुवातीला 'एक्स्पंज' ही सोय बंदच ठेवावी, म्हणजे इकडे खोडलेले पत्र तिकडेही कायमचे पुसले जाणार नाही. एमएसएमटीपीच्या फाइलीत तीन खाती, आणि प्रत्येकात 'फ्रॉम' पुढे त्या खात्याचा पत्ता. ही ओळ महत्त्वाची आहे. मटच्या मुख्य फाइलीत 'सेंडमेल' पुढे एमएसएमटीपीचे नाव द्यावे आणि 'एन्व्हलप-फ्रॉम' चालू करावे, म्हणजे पत्रावरचा पाठवणाराचा पत्ता पाहून एमएसएमटीपी आपणच योग्य खाते निवडतो.

येथे पत्र आणि पाकीट यांतला भेद समजून घेतला पाहिजे. कागदी पत्रात आत 'आपला विश्वासू' म्हणून एक नाव असते, आणि पाकिटावर शिक्का ज्या पोस्टात टाकले त्याचा असतो. ई-मेललाही आतला पाठवणारा आणि पाकिटावरचा पाठवणारा असे दोन असतात. आत वर्कशॉपचे नाव आणि शिक्का भलत्याच सर्व्हरचा, असे पत्र गेले, तर घेणाऱ्याचा सर्व्हर त्याच्याकडे संशयाने पाहतो आणि पुष्कळदा ते कचऱ्याच्या कप्प्यात टाकतो. जीमेलसारखी सेवा तर आपल्याकडे नोंदवलेला नसलेला पत्ता काढून त्या जागी खात्याचा मूळ पत्ता घालते. गिऱ्हाइकाला कोटेशन मिळते, पण वर नाव वर्कशॉपचे नसून भाचीचे असते. घेणाऱ्याला त्यात लबाडीची शंका आली तर तिला दोष देता येणार नाही.

आता मुख्य युक्ती. मटमध्ये प्रत्येक खात्याची एक वेगळी फाइल करावी. तीत 'फ्रॉम' म्हणजे पत्ता, 'रिअलनेम' म्हणजे नाव, 'सिग्नेचर' म्हणजे खालची सही, 'रेकॉर्ड' म्हणजे स्थळप्रतीचा कप्पा, आणि 'पोस्टपोन्ड' म्हणजे अर्धवट पत्रांचा कप्पा, इतके असावे. मग मुख्य फाइलीत 'फोल्डर-हूक' या आज्ञेने सांगावे की, वर्कशॉपच्या कप्प्यात पाऊल टाकले की वर्कशॉपची फाइल वाच, कॉलेजच्या कप्प्यात गेले की कॉलेजची. हूक म्हणजे आकडाच. कप्पा बदलला की पत्ता, नाव, सही हे सगळे आकड्याला लटकून बरोबर येते. मी कोण म्हणून लिहीत आहे, हे मी कोठे बसले आहे यावरून ठरते. शाळेत असताना मराठीच्या तासाला मराठीत व कन्नडच्या तासाला कन्नडात बोलायचो, तेव्हा कोणाला आठवण करून द्यावी लागत नसे. वर्ग बदलला की भाषा बदले. तसेच हे.

या मांडणीत एक खाच आहे आणि पुष्कळजण तिच्यात अडकतात. मटमध्ये एकदा लिहिलेली गोष्ट दुसरी येऊन बदलेपर्यंत तशीच राहते. समजा वर्कशॉपच्या फाइलीत सही आहे आणि कॉलेजच्या फाइलीत सहीची ओळच नाही. तर वर्कशॉपमधून कॉलेजच्या कप्प्यात आल्यावर सही तीच राहील, आणि परीक्षा विभागाला पाठवलेल्या अर्जाखाली मशीन शॉपचा जीएसटी क्रमांक छापला जाईल. यावर उपाय एकच. तिन्ही फाइलींत तीच पाच शीर्षके, त्याच क्रमाने लिहावीत. एखाद्या ठिकाणी काही नको असेल तर ओळ गाळू नये, रिकामी किंमत लिहावी. तेरजेत शून्य शिलकीची रेघ लिहितो तशी.

स्थळप्रतीच्या बाबतीत ही रिकामी ओळ खरोखरच लागते. जीमेलवरून पाठवलेल्या पत्राची प्रत जीमेल आपणच ठेवते, म्हणून तेथे 'रेकॉर्ड' रिकामे असावे, नाहीतर प्रत्येक पत्राच्या दोन प्रती होतात. वर्कशॉपचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर आहे व तो सर्व्हर अशी प्रत ठेवत नाही, तेव्हा तेथे 'रेकॉर्ड' भरलेलेच पाहिजे. मुख्य फाइलीच्या शेवटी, सुरू होताना कोणते खाते धरावे, तेही सांगून ठेवावे. मी माझे स्वतःचे धरते. चुकून काही गेलेच तर ते माझ्या नावावर जावे, मामांच्या किंवा कॉलेजच्या नव्हे.

दोन सोयींविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. 'रिव्हर्स-नेम' नावाची सोय अशी की, पत्र ज्या पत्त्यावर आले त्याच पत्त्यावरून उत्तर जाते. ऐकायला उत्तम. परंतु ओळखीचे गिऱ्हाईक कधी कधी माझ्याच पत्त्यावर ड्रॉइंग पाठवते. तेथे या सोयीने उत्तरही माझ्याच पत्त्यावरून जाईल. शिवाय ती फक्त पत्ता व नाव बदलते, सही आणि स्थळप्रत नाही. 'सेंड-हूक' नावाची दुसरी सोय पत्र कोणाला चालले आहे हे पाहून खाते बदलते. पण पत्र गेल्यावर ते बदललेलेच राहते, आणि पुढचे पत्र मैत्रिणीला असले तर तेही वर्कशॉपच्या नावाने निघते. म्हणून मी दोन्ही बंद ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाचे पत्र माझ्या कप्प्यात आले तर 'एस' कळ दाबून ते आधी वर्कशॉपच्या कप्प्यात हलवते, तेथे जाते, आणि मग उत्तर लिहिते. आवक बुकात नोंद झाल्याशिवाय उत्तर नाही, ही जुन्या कचेऱ्यांची रीत होती. यास दहा सेकंद लागतात.

पत्र लिहून झाल्यावर मट ते लगेच पाठवीत नाही. एक पान समोर येते. त्यावर पाठवणारा, घेणारा, विषय आणि स्थळप्रत कोठे जाणार हे एकाखाली एक लिहिलेले असते, अगदी व्हाउचरसारखे. पहिली ओळ वाचावी आणि मगच 'वाय' दाबावे. ओळ चुकीची दिसली तर 'एस्केप' व मग 'एफ' दाबून तो पत्ता बदलता येतो. परंतु त्यापेक्षा पत्र सोडून योग्य कप्प्यात जाऊन पुन्हा लिहिणे चांगले, कारण सही बदललेली नसते.

पासवर्डविषयी थोडे सांगितले पाहिजे. जीमेलच्या व्यक्तिगत खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमांना ३० मे २०२२ पासून चालत नाही. खात्याला दुहेरी तपासणी लावून मग सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. संस्थेच्या खात्यांवर हीसुद्धा वाट बंद असू शकते. तेथे 'ओऑथ' नावाची पद्धत लागते व ती चालू करणे त्या खात्याच्या व्यवस्थापकाच्या हाती असते, तेव्हा आधी त्यांना विचारावे. पासवर्ड कोणत्याही फाइलीत उघडा लिहू नये. तो 'जीपीजी'ने कुलूपबंद करावा, आणि एमबीसिंकला 'पासकमांड' व एमएसएमटीपीला 'पासवर्ड-इव्हॅल' या ओळीने कुलूप कसे उघडायचे तेवढे सांगावे. कॉलेजच्या संगणक कक्षात एकच संगणक दिवसाला वीसजण वापरतात. तेथे यातले काहीही बसवू नये.

लिपीची अडचण राहतेच. मट युनिकोड जाणतो, त्यामुळे मराठी व कन्नड पत्रे बिनचूक जातात आणि येतात. परंतु काळ्या पडद्याची बहुतेक साधने प्रत्येक अक्षराला एकसारख्या रुंदीचे घर देतात. इंग्रजीला ते चालते. आपल्या जोडाक्षरांना आणि कन्नडच्या खाली लोंबणाऱ्या ओत्तक्षरांना चालत नाही. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द मोडून पडतो, आणि कन्नड सूचना वाचताना अक्षरे कोणीतरी विस्कटल्यासारखी दिसतात. मी यावर अशी तोड काढली आहे की, 'एडिटर' या ओळीत खिडकीत उघडणाऱ्या लेखनाच्या प्रोग्रॅमचे नाव दिले आहे. लिहिणे तेथे होते, तो बंद केला की मटचे पान परत येते. तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत मटने थांबले पाहिजे. 'जीव्हिम' वापरल्यास त्याच्यापुढे 'उणे एफ' लिहावे लागते ते यासाठीच. कन्नड पत्र वाचायचे असले तरी तेथेच उघडते. 'एमएलटर्म' नावाच्या साधनात भारतीय लिपी पुष्कळ नीट दिसतात, ज्यांना वेगळी खिडकी नको त्यांनी ते पाहावे.

शेवटचे कॉलेजच्या पत्त्याविषयी, कारण तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते लगेच लागेल. हा पत्ता आपल्या मालकीचा नसतो. अभ्यासक्रम संपल्यावर संस्था तो बंद करू शकते आणि त्याबरोबर गुणपत्रिका, शुल्काच्या पावत्या व प्राध्यापकांची शिफारसपत्रे जातात. बँक, पॅन किंवा नोकरीचा अर्ज यांसाठी हा पत्ता देऊ नये; दिला असल्यास आताच बदलून घ्यावा. ज्यांनी वर सांगितल्याप्रमाणे कप्पा करून घेतला आहे, त्यांनी निकालानंतर एकदा एमबीसिंक चालवून सगळी पत्रे उतरवून घ्यावीत. नंतर त्याच्या फाइलीतून कॉलेजच्या खात्याच्या ओळी काढून टाकाव्यात आणि मटच्या फाइलीत कॉलेजच्या 'फ्रॉम' पुढे आपला स्वतःचा पत्ता लिहावा. कप्पा तसाच राहतो, जुनी पत्रे वाचता येतात, आणि त्यांतल्या कोणाला उत्तर द्यायचे झाले तर ते नव्या नावाने जाते.